ठिणगीच्या बरगडीखालून

दमलोय. आधी तेवढं सांगून टाकतो, मी कोण ते मग सांगतो.

उजवा हात शेवटच्या बरगडीच्या काठाशी ठेवा आणि मोठा श्वास घ्या. आत काही जड सरकल्यासारखं वाटलं? नाही वाटलं? मग चांगलंय. मी जाणवायला लागलो की समजायचं, काहीतरी बिनसलंय. शाळेच्या पुस्तकात मला यकृत म्हणतात, दवाखान्यात लिव्हर म्हणतात, आणि खाटकाच्या दुकानात माझ्या भाऊबंदांना काय म्हणतात ते तुम्हाला ठाऊक आहेच. तोंडाला पाणी सुटलं असेल तर पुसा आणि ऐका.

मी ज्याच्या पोटात राहतो त्याला सगळे ठिणगी म्हणतात. तो लाकडाच्या वखारीत करवतीवर काम करतो. लाकडाची वखार, आणि तिथे ठिणगी! नाव ठेवणाऱ्यानं डोकं लावूनच ठेवलं असणार. ठिणगीचा राग नाकाच्या शेंड्यावर. मी त्याच्याच पोटात वाढलो, तेव्हा माझ्याकडून गोड बोलण्याची आशा धरू नका.

मला कान नाहीत. पण मी छातीच्या खालीच, आणि हा बोलतो ढोल बडवल्यासारखा. त्यामुळे सगळं घुमत घुमत माझ्यापर्यंत येतं. याला काय दिसतं त्याची खबर रक्तातनं मिळते.

मी याच्या जन्माआधीपासून कामाला आहे. हा आईच्या पोटात होता तेव्हा याचं रक्तसुद्धा मीच बनवायचो. तेव्हा निम्मं पोट माझंच होतं. हा जन्मला, आणि आईला शेतावरनं फुरसत नसायची, म्हणून याला सांभाळायला याची ताई. ती स्वतःच केवढीशी. पण याला डाव्या कडेवर घ्यायची आणि दिवसभर फिरायची. तिच्या कुशीला मी दाबला जायचो. पलीकडे, कातड्याच्या आड, तिचं काय काय होतं ते मला तेव्हा माहीत नव्हतं. पुढे ओळख व्हायची होती.

आता माझं काम सांगतो, कारण भांडण त्यावरनंच आहे.

तुम्ही जे जे गिळता ते आतड्यातनं आधी माझ्या दारात येतं. पाव असो, गूळ असो, दारू असो, गोळी असो. साखर आली की साठवायची, पित्त करायचं, आणि जे परकं वाटेल ते मोडायचं, फोडायचं, बाहेरच्या वाटेला लावायचं. त्यासाठी माझ्याकडे कारागीर आहेत. डॉक्टर लोक त्यांना एन्झाइम म्हणतात. एकेकाचं काम ठरलेलं. एकजण चहा-कॉफीतली तरतरी मोडतो. एकजण खोकल्याच्या औषधाकडे बघतो. एक पित्ताच्या गोळीकडे. आणि एकजण आहे दणकट, जगातली निम्मी औषधं तोच मोडत असेल. त्याला मी मुकादम म्हणतो. त्याची टोळी मोठी.

हे लोक रात्र म्हणत नाहीत, दिवस म्हणत नाहीत. सुट्टी हा शब्द आमच्यात नाही.

वखारीतल्या लोकांची एक खोड आहे. विडी मागावी तशी ते गोळी मागतात. "पाठ धरलीय रे." "ही घे, माझ्या सासूला लागू पडली." झालं. सासू कोण, दुखणं कुठलं, कुणाला पडलीय? ओंडके उचलून ठिणगीची पाठ रोज धरायची आणि रोज कुणाच्या ना कुणाच्या खिशातनं गोळी निघायची. वर्षानुवर्षं. मी मोडत राहिलो. पण मागच्या अंगाला माझ्या दोन शेजारणी होत्या, याच्या स्वतःच्या किडन्या. गरीब बिचाऱ्या. त्यांना त्या गोळ्या सोसल्या नाहीत. कधी हू की चू केलं नाही आणि एक दिवस पाय सुजले, तोंड सुजलं, तेव्हा कळलं की दोघीही बसल्यात.

मग मशीन. हातात सुया, रक्त बाहेर काढायचं, धुवायचं, परत आत. आठवड्यात वारंवार. करवतीवर फळी फाडणारा माणूस खाटेवर पडून छताकडे बघत बसायचा आणि नर्सवर खेकसायचा.

ठिणगीनं लग्न केलं नाही. या तोंडाजवळ कोण राहणार? ताईच्या घरामागच्या खोलीत राहतो. ताई कपडे शिवते, उसवते, छोटे-मोठे करून देते. तिचे यजमान, म्हणजे आमचे दाजी, घराच्या पुढच्या बाजूला सायकली दुरुस्त करतात. दाजी इतके गरीब की पंक्चर काढताना ट्यूबलासुद्धा दुखू नये असा हात.

ताई म्हणाली, "माझी एक घे."

"नको," ठिणगी म्हणाला. "उद्या भांडण झालं की काढून दाखवशील."

"दाखवणारच. गप पड आता."

तशी ती आली. ताईची डावी किडनी. खाली, पोटात उजव्या अंगाला, माझ्या खालच्या मजल्यावर तिला जागा दिली. ती आली तसं रक्त साफ व्हायला लागलं आणि मला कितीतरी दिवसांनी मोकळा श्वास घेतल्यासारखं झालं. मी तिला ओळखलं. लहानपणी ज्या कुशीला मी दाबला जायचो, तिथलीच ही.

पण शरीर फार हलकट असतं. आतले पहारेकरी परक्याला बघून चवताळतात. ताईची झाली म्हणून काय, त्यांच्या लेखी ती उपरीच. त्यांना थोपवायला एक गोळी असते. ती सकाळ-संध्याकाळ घ्यायची, जन्मभर. तिला मी राखणीची गोळी म्हणतो. ती रक्तात बेताची हवी. जास्त झाली तर घात, कमी झाली तर पहारेकरी किडनीचे लचके तोडणार. आणि ही राखणीची गोळी मोडायचं काम कुणाकडे? मुकादमाकडे. बरोब्बर.

सुरुवातीला सगळं नीट चाललं. मुकादम आपल्या चालीनं मोडायचा, डॉक्टरांनी तेवढं धरूनच गोळी ठरवलेली.

मग याची दाढ काढली. दाढ गेली, पण गालात वीज चमकायला लागली. घास चावला की वीज, वारा लागला की वीज. दात काढणारा म्हणाला, जखम भरलीय, तुम्हाला उगाच वाटतंय. ठिणगीनं त्याची खुर्ची उलटी केली आणि घरी आला.

दाजी सायकलचं चाक फिरवत बसले होते. त्यांनी याच्या गालावरचा हात बघितला आणि हळूच म्हणाले, "वीज चमकल्यासारखं होतं का?"

"तुम्हाला कसं कळलं?"

"मला कित्येक वर्षं आहे. तोंड धुवायचं म्हटलं तरी जीव घाबरायचा. मग डॉक्टरांनी एक गोळी दिली." दाजी आत गेले, पत्र्याच्या डबीतनं गोळी आणली. "घेऊन बघा. गुण येईल."

गुण आला. दोन-चार दिवसांत गाल शांत. मग रोज रात्री जेवण झालं की दाजी डबी काढायचे, एक याला, एक स्वतःला, आणि ताई दोघांना पाणी द्यायची. घरातला नेमच पडला तो.

आता इकडे माझ्या दारात काय झालं ते ऐका. ती दाजींची गोळी साधी नव्हती. ती आली की नुसती मोडून जायची नाही. जाता जाता मुकादमाला सांगून जायची, माणसं वाढव. उद्या परत सांगायची, अजून वाढव. मुकादमाला काय, हुकूम म्हणजे हुकूम. टोळी दुप्पट झाली, मग त्याहून वाढली. हातच हात. आणि त्याच दारातनं सकाळ-संध्याकाळ राखणीची गोळी यायची. ती रक्तात पोचायच्या आत हे इतके हात तिच्यावर तुटून पडायचे. भुकेल्या कुत्र्यांपुढे पाव टाकल्यासारखं.

मला दोष देऊ नका. मोडायला ठेवलंय, मी मोडतो. कुठली गोळी कुणाच्या भल्याची हे मला कुणी सांगितलं होतं?

रक्तात राखणीची गोळी कमी दिसायला लागली. तपासणीला बसलेला डॉक्टर नवा होता, चेहरा कोवळा, आवाज करडा. म्हणाला, "तुम्ही गोळ्या चुकवताय."

"नाही चुकवत."

"मग रक्तात का नाही दिसत?"

"ते तुमच्या मशीनला विचारा!"

"दुसरं कुठलं औषध घेता?"

"नाही."

ताई बाजूलाच होती. तिनंही मान हलवली. नाही म्हणून.

आणि दोघंही खोटं बोलत नव्हते, हेच तर वाईट. त्यांच्या लेखी औषध म्हणजे ज्याच्या नावानं डॉक्टरनं दिलं त्याचं. ठिणगीचं औषध ठिणगीच्या पिशवीत. पत्र्याच्या डबीतलं औषध दाजींचं. त्यातली गोळी ठिणगी घेत होता हे खरं, पण म्हणून ती काय त्याची झाली? शेजाऱ्याची सायकल घेऊन बाजारात गेलं म्हणून कुणी म्हणतं का, माझ्याकडे सायकल आहे?

मी आत ओरडून मेलो असतो. पण मला तोंड नाही. मी दुखतसुद्धा नाही सहसा. आमच्यासारख्यांचं हेच होतं.

डॉक्टरनं गोळी वाढवली. मुकादमाच्या टोळीनं तीही फस्त केली. खालच्या मजल्यावर किडनीवर पहिले चावे पडायला लागले. तपासणीत तिचा बिघाड दाखवणारा आकडा वर सरकला. ताईला ते आकडे वाचता यायला लागले होते.

दुसऱ्या दिवसापासून पहारा सुरू झाला. सकाळी ताई हातात गोळी घेऊन उभी.

"आ कर."

"मी काय लहान आहे?"

"आ कर म्हणते ना. गिळ. आता जीभ वर कर. गाल दाखव. दुसरा."

एवढा ओंडका खांद्यावर मारणारा माणूस, आणि बहिणीसमोर जीभ वर करून उभा. त्याच्या अंगात संताप इतका साचायचा की मला साखर सोडून सोडून जीव नको व्हायचा. पण तो गिळायचा. एकही चुकली नाही. आणि रात्री जेवण झालं की दाजींची डबी, ताईचं पाणी. तेही चुकलं नाही.

पुन्हा रक्त तपासलं. राखणीची गोळी आणखी कमी.

त्या दिवशी दवाखान्याच्या पायऱ्यांवर ताईचा बांध फुटला. लोक येत होते, जात होते. तिला त्याची शुद्ध नव्हती.

"कुठे टाकतोस रे? माझ्यासमोर गिळतोस आणि मागे जाऊन ओकतोस ना?"

"ताई, तुझी शपथ..."

"माझी शपथ नको घेऊ! माझं कापून दिलंय मी तुला. नाल्यात टाकायला नव्हतं दिलं. नको असेल तर परत दे माझी. दे!"

नेहमी तोंड आधी, डोकं मागनं. त्या दिवशी तो सरळ बसच्या थांब्याकडे चालायला लागला. बसमध्ये दोघं वेगवेगळ्या बाकांवर बसले. त्यानंतर ताई बोलेनाशी झाली. गोळी द्यायची, तोंड बघायची, निघून जायची. शिवणयंत्राचा आवाज तेवढा चालू असायचा, तोही रागावल्यासारखा.

दाजी दोघांच्या मध्ये सापडले. त्यांनी त्या दिवसांत दाढी वाढवली होती. बायको-मेहुण्याच्या भांडणात माणसाला दाढी करायचं सुचत नसेल, असं सगळ्यांना वाटलं.

किडनी आता वाचणार नाही, परत मशीन लागणार, अशी भाषा सुरू झाली. तेव्हा मोठ्या डॉक्टरबाईंनी लक्ष घातलं. वय झालेलं, पायात सपाता, बोलायला सावकाश. त्यांनी ठिणगीकडे बराच वेळ बघितलं आणि त्या नव्या डॉक्टरला म्हणाल्या, "हा माणूस खरं बोलत असेल तर?"

त्यांनी आकड्यांचा कागद पुढे ओढला.

"तर मग औषध पोटात जातंय आणि आत कुणीतरी खाऊन टाकतंय. आपण त्याचं लिव्हर बघू."

"लिव्हरच्या तपासण्या चांगल्या आल्यात, मॅडम."

"त्यानं ते जखमी आहे का एवढं कळतं. काम किती जोरात करतंय ते नाही कळत."

मी कान टवकारले असते, असते तर. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच कुणीतरी माझ्या कामाबद्दल बोलत होतं.

ताईनं विचारलं, "ते कसं कळणार? आत जाऊन बघणार?"

"तुम्ही काय करता?"

"शिवणकाम."

"मग सोपं आहे. समजा एक बंद दुकान आहे. आत शिवायला किती हात आहेत ते बाहेरून दिसत नाही. काय कराल?"

ताईनं जरा विचार केला. "काम टाकून बघीन."

"तसंच. ओळखीच्या औषधांचे अगदी लहान डोस द्यायचे. उपचाराला नाही, नुसते परीक्षेला. एक चहातल्या तरतरीचा, एक खोकल्याचा, एक पित्ताचा, एक झोपेचा. प्रत्येक औषध आत वेगळाच कारागीर मोडतो. मग थोड्या थोड्या वेळानं रक्त घेऊन बघायचं, कुठलं किती लवकर नाहीसं झालं."

"म्हणजे कुठल्या कापडावर किती हात बसलेत ते कळणार," ताई म्हणाली.

"आदल्या सकाळपासून चहा, कॉफी, चॉकलेट बंद. कोला बंद. नाहीतर पहिलंच कापड डागाळणार."

"चहा बंद?" ठिणगी ओरडला. "मग त्यापेक्षा मशीनच लावा!"

ताईनं त्याच्याकडे नुसतं बघितलं. त्यानं तोंड मिटलं.

आदला दिवस कसा गेला ते विचारू नका. वखारीत चहावाला आला तेव्हा ठिणगीनं त्याला किटलीसकट हाकलला. डोकं दुखत होतं, करवतीवर ओरडत होता, ओंडक्याला शिव्या देत होता. पण थेंब घेतला नाही. रात्री डबीतली दाजींची गोळी मात्र घेतली. ती कुणी बंद करायला सांगितली नव्हती.

परीक्षेच्या दिवशी हातात नळी बसवली. छोट्या पेल्यात त्या गोळ्या आणि एक चमचा औषध. ठिणगीनं एकदम तोंडात टाकल्या.

मी वाटच बघत होतो. एकामागून एक आल्या. चहातल्या तरतरीला त्याच्या कारागिरानं नेहमीपेक्षा जरा चपळाईनं उचललं. पित्ताची ठीक. खोकल्याचं आपल्या रोजच्या चालीनं. पण झोपेची गोळी आली आणि मुकादमाची टोळी जी उठली! दारातल्या दारात तुकडे. रक्तापर्यंत नावाला पोचली असेल नसेल.

नर्स रक्त घ्यायला आली तसं ठिणगीनं विचारलं, "झोपेचं औषध पण होतं म्हणे त्यात? मला तर भांडायचा जोर आलाय."

"तो आधीपासूनच होता, दादा. औषधावर नका ढकलू."

शेजारच्या खुर्चीवर ताई होती. तिच्या तोंडाचा कोपरा हलला. तेवढंच.

त्या गोळ्यांनी मला बरं केलं नाही आणि बिघडवलंही नाही. पण मला वाटत होतं, ही औषधं नाहीत, हा मला विचारलेला प्रश्न आहे. बाबा रे, किती राबतोस? आणि नळीतनं दर वेळी जे रक्त जात होतं, ते माझं उत्तर होतं. इतकं की हात दुखेपर्यंत राबतोय. कुणीतरी थांबवा.

निकालाच्या दिवशी डॉक्टरबाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "बाकीचे कारागीर ठीक आहेत. एक जरा जोरात. पण झोपेची गोळी मोडणारा जो आहे ना, तो चार माणसांचं काम एकटा करतोय. तुमची किडनीची गोळीही तोच मोडतो. म्हणून ती टिकत नाही. तुम्ही चुकवलेली नाही."

ठिणगी ताईकडे बघायला धजला नाही.

"पण तो असा आपोआप पेटत नाही," बाई म्हणाल्या. "त्याला कुणीतरी चाबूक मारतंय. दुसरं काय घेता?"

"काही नाही! शंभरदा सांगितलं!" ठिणगीचा हात टेबलावर आदळला. चष्मा उडाला.

ताईनं चष्मा उचलला, पदरानं पुसला आणि बाईंच्या हातात दिला. "बाई, हा तापट आहे, तोंडाचा फाटका आहे. पण घेत नाही काही. माझ्यासमोर असतो."

कित्येक आठवड्यांनी ती त्याच्या बाजूनं बोलली होती. तेही चुकीचं.

डॉक्टरबाईंनी चष्मा घातला. "बरं. औषधाचं सोडा. मला सांगा, किडनी बसवल्यावर तुमचं कुठलं दुखणं बरं झालं?"

"बरं?" ठिणगी गोंधळला. बरं झालेलं कुणी विचारतं का कधी? "गाल. गालात वीज चमकायची. आता नाही."

"कशानं थांबली?"

"दाजींच्या गोळीनं."

"कोण दाजी?"

"माझे मिस्टर," ताई म्हणाली.

"अहो, मग औषध घेता की तुम्ही!"

"ते माझं औषध नाही," ठिणगी म्हणाला. "ते दाजींचं आहे."

डॉक्टरबाईंनी डोळे मिटले. मग म्हणाल्या, "कुणाचंही असू द्या. पोट कुणाचं होतं?"

ताई खुर्चीत बसूनच होती, तरी तिनं टेबल धरलं. "पाणी मी देत होते," ती म्हणाली. "रोज. माझ्या हातानं. तिकडे सकाळी जीभ वर करायला लावत होते, आणि रात्री..."

ठिणगीनं खिशातनं कळकट रुमाल काढला, तिच्यापुढे धरला. तिनं तो घेतला नाही. रुमालात लाकडाचा भुसा होता. पण हातही ढकलला नाही.

घरी येताना मात्र याचा पारा चढत गेला. बसमधनं उतरल्यापासून पाय आपटत. मला ओळखीचं होतं ते. कुणाला तरी खाणार हा. दाजी दारात चाकाचे आरे आवळत बसले होते.

"दाजी!"

दाजींनी मान वर केली. तेवढ्यात वाऱ्याची झुळूक आली. आणि दाजींनी झटकन गालाला हात लावला, डोळे मिटले, तोंड वाकडं झालं. नुसती झुळूक.

ठिणगी जागच्या जागी थांबला. गालावर हात कसा जातो ते त्याच्याइतकं कुणाला कळणार?

ताईनं दाजींच्या दाढीकडे बघितलं. नीट, जवळ जाऊन. "वस्तरा लावता येत नाही म्हणून वाढवलीत ना? तुमची गोळी चालू असताना दुखतंय कसं?"

दाजी पान्याशी खेळत राहिले.

"किती घेत होता तुम्ही?"

"निम्मी. दोनातली एक."

"का?"

"दवाखान्यातनं माझ्यापुरत्याच मिळतात. त्याच्या मागे किडनीचं लचांड, वरनं त्याला हा त्रास कशाला? मला सवय आहे."

चाक आपलं फिरत होतं. ठिणगीचा चढलेला पारा कुठे गेला ते मला सांगता येणार नाही. मी साखर सोडायच्या तयारीत होतो, ती तशीच राहिली. तो दाजींच्या शेजारी भुईवर बसला.

"दाजी, तुम्ही गाढव आहात."

"आहे."

"आणि मी तुमच्याहून मोठं."

"ते आख्ख्या वखारीला माहीत आहे," ताई म्हणाली आणि आत गेली. आत जाऊन ती रडली, हे शिवणयंत्र बंद होतं यावरनं कळलं.

दाजींना त्यांची पुरी गोळी परत मिळाली. ठिणगीला बाईंनी गालासाठी दुसरी दिली, तीही बेतानं. ती माझ्या दारात थांबतच नाही. तशीच पुढे जाते आणि खालच्या मजल्यावरनं, ताईच्या किडनीच्या वाटेनं बाहेर पडते. माझ्याशी देणं-घेणं नाही. अशी माणसं जगात जास्त असायला हवीत.

हुकूम द्यायला कुणी येईना, तशी मुकादमाची माणसं एकेक करून कमी झाली. राखणीची गोळी रक्तात टिकायला लागली, इतकी की आता वाढवलेला डोस उतरवावा लागला. बाई हळूहळू उतरवत गेल्या. किडनीवर जे चावे पडले ते भरले नाहीत. ती पहिल्यासारखी होणार नाही. पण पडली नाही, उभी आहे, गाळतेय. मशीनची भाषा बंद झाली.

मग बाईंनी पुन्हा एकदा परीक्षा घेतली. पुन्हा चहा बंद, पुन्हा चहावाल्याला शिव्या. पुन्हा तोच पेला, त्याच गोळ्या. त्या माझ्या दारात आल्या. मुकादम जागचा उठला, पण पहिल्यासारखी झुंबड नव्हती. थोडेच हात. त्यांनी झोपेची गोळी उचलली, सावकाश, दमानं, आणि मोडता मोडता बरीचशी पुढे गेली.

नर्स रक्त घ्यायला आली तेव्हा ठिणगी काहीतरी बोलायला गेला. शब्द अर्ध्यात राहिला. डोळे जड. मान एकदा पुढे गेली, सावरली, आणि मग बाजूला कलली, ती ताईच्या खांद्यावर.

"झोपला?" नर्स म्हणाली. "आज भांडण नाही?"

"राहू द्या," ताई म्हणाली. तिनं त्याचा सुईचा हात नीट मांडीवर घेतला, बाकावर सरकून बसली, आणि त्याला कुशीला घेतला. मी पुन्हा तिथेच दाबला गेलो जिथे लहानपणी दाबला जायचो. डाव्या कुशीला. आत आता ती जागा रिकामी होती. जे तिथे होतं ते माझ्या खाली बसून काम करत होतं.

त्या दिवशी मी सावकाश राबलो. जन्मात पहिल्यांदा.

अजूनही सकाळी ती म्हणते, "आ कर." आता जीभ बघत नाही, नुसती म्हणते. तो अजून ओरडतो, "मी काय लहान आहे?" आणि आ करतो. दाजींची दाढी गेली, गाल चकचकीत आहेत. पत्र्याची डबी ताईनं स्वतःच्या शिवणयंत्राच्या खणात ठेवली आहे. वखारीत कुणी पाठीला हात लावला तर ठिणगी त्याच्यावर धावून जातो, "कुणाच्या सासूची गोळी घेतलीस तर हात मोडीन!"

मी म्हातारा होत चाललोय. तक्रार नाही, फक्त थकवा आहे. एवढंच सांगायचं होतं. कुणी विचारलं, काय घेतोस, तर सगळं सांगा. बायकोचं, दाजींचं, सासूचं, शेजाऱ्याच्या डबीतलं. लाज वाटली तरी सांगा. माझ्या दारात जे येतं ते मी मोडायला घेतो आणि त्यावर कुणाचं नाव आहे ते बघत नाही.

मला वाचता येत नाही.